दोन विमानांमधलं अंतर आणि नाशिकचा स्लॉट

नाशिकच्या विमानसेवेचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "मुंबई स्लॉटच देत नाही!" कॉलेजच्या कट्ट्यावर, उद्योजकांच्या बैठकीत, निवडणुकीच्या भाषणात, सगळीकडे. पण स्लॉट म्हणजे नेमकं काय, असं विचारलं तर बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एक अधिकारी येतो. त्याने मनावर घेतलं तर स्लॉट मिळतो, नाही घेतलं तर फाइल पडून राहते. यात थोडंफार तथ्य असेलही. पण या सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट अशी आहे की जिच्यावर मंत्र्यांचंही काही चालत नाही. ती म्हणजे विमानाच्या मागे तयार होणारा हवेचा भोवरा.

सिंहस्थ तोंडावर आहे आणि ओझरच्या विमानतळाकडून आपल्या अपेक्षा वाढल्या आहेत. त्यामुळे हा भोवरा आता समजून घ्यायलाच हवा. कारण येत्या काळात 'विमानं वाढवा' ही मागणी आणखी जोरात होणार आहे. ती करताना नेमकं काय मागायचं आणि काय चुकूनही मागायचं नाही, हे आपल्याला माहीत असलेलं बरं.

बोट गेली, लाट राहिली

गंगापूर धरणावर मोटरबोट जाताना तुम्ही पाहिली असेल. बोट पुढे निघून जाते, पण तिच्यामागे उठलेल्या लाटा बराच वेळ हलत राहतात. त्या वेळी मागून छोटी होडी आली तर ती डुचमळते. मुंबई-आग्रा महामार्गावर बाइक चालवणाऱ्यांना तर हे वेगळं सांगायला नको. शेजारून भरधाव कंटेनर गेला की हँडल आपोआप घट्ट धरलं जातं.

विमानाचंही तसंच आहे, पण कारण थोडं वेगळं. बरेच जण याला 'इंजिनाचा झोत' समजतात. खरा भोवरा तयार होतो पंखांमुळे. विमान हवेत राहतं, कारण पंखाखाली हवेचा दाब जास्त आणि पंखावर कमी असतो. पंखाच्या टोकाशी ही खालची हवा वर पळायला बघते आणि गोल फिरू लागते. दोन पंखांमागे असे दोन भोवरे तयार होतात, एकमेकांच्या उलट दिशेने फिरणारे. विमान जितकं जड, तितका भोवरा जोरदार. आणि गंमत म्हणजे विमान जितकं हळू, तितका तो आणखी जोरदार. म्हणजे उतरताना आणि उड्डाण करताना, जेव्हा विमान जमिनीच्या सर्वांत जवळ असतं, तेव्हाच धोका जास्त.

हे भोवरे दर मिनिटाला काहीशे फूट खाली उतरत जातात. वारा असेल तर लवकर मोडतात. हवा शांत असेल तर रेंगाळतात. नाशिकची डिसेंबरमधली निवांत, गार सकाळ आपल्याला कितीही आवडत असली तरी भोवऱ्यांनाही तीच आवडते. आणि अगदी हलका आडवा वारा सर्वांत फसवा. तो भोवऱ्याला उडवून लावत नाही, उलट धावपट्टीवरच धरून ठेवतो. यालाच विमानवाहतुकीच्या भाषेत 'वेक टर्ब्युलन्स' म्हणतात.

मागचं विमान या भोवऱ्यात सापडलं तर ते एका बाजूला कलंडतं. उंचावर असेल तर वैमानिकाला सावरायला वेळ मिळतो. जमिनीपासून दोनशे फुटांवर असेल तर मिळत नाही.

नियम आले कुठून?

३० मे १९७२. अमेरिकेत टेक्सासमधल्या फोर्ट वर्थजवळ एक डीसी-९ विमान सरावाच्या उड्डाणावर होतं. पुढे उतरणारं डीसी-१० त्याच्यापेक्षा कितीतरी मोठं होतं. त्याच्या भोवऱ्यात डीसी-९ सापडलं, धावपट्टीवर पोहोचता पोहोचता कलंडलं आणि आतले चौघेही गेले. मोठ्या विमानामागे लहान विमानाने किती लांब राहायचं, हे नियम त्यानंतर कडक झाले.

दुसरी घटना आपल्या घराजवळची आहे. ७ जानेवारी २०१७ रोजी अरबी समुद्रावर, मुंबईच्या नियंत्रणाखालच्या हवाई हद्दीत, चॅलेंजर ६०४ हे छोटं बिझनेस जेट मालदीवहून अबुधाबीला निघालं होतं. समोरून, एक हजार फूट वरून, ए-३८० हे जगातलं सर्वांत मोठं प्रवासी विमान गेलं. थोड्याच वेळात त्याचा भोवरा खाली उतरला आणि चॅलेंजर त्यात शिरलं. विमान अनेकदा उलटसुलट फिरलं आणि सुमारे नऊ हजार फूट खाली आलं. आतले प्रवासी जखमी झाले. वैमानिकांनी ते कसंबसं मस्कतला उतरवलं, पण विमान पुन्हा वापरण्याच्या लायकीचं राहिलं नाही. दोन विमानांमध्ये हजार फुटांचं अंतर होतं, म्हणजे नियम पाळलेला होता. तरीही हे घडलं.

म्हणून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे आयसीएओने, विमानांचे वजनानुसार गट केलेत. कमाल वजन सात टनांपर्यंत असेल तर हलकं, सात ते १३६ टन मध्यम, त्याच्या वर जड. आणि ए-३८० साठी स्वतंत्र 'सुपर' गट. वैमानिक रेडिओवर आपल्या विमानाच्या नावापुढे 'हेवी' किंवा 'सुपर' लावतात ते यासाठीच. तो बडेजाव नसतो, मागच्यांना दिलेला इशारा असतो.

आता अंतरं बघा. रडारवर उतरणाऱ्या दोन विमानांमध्ये साधारणपणे किमान ३ सागरी मैल हवेत, म्हणजे साडेपाच किलोमीटर. जडामागे जड असेल तर ४ मैल. जडामागे मध्यम असेल तर ५. जडामागे हलकं असेल तर ६. मध्यमामागे हलकं असेल तरी ५. ए-३८० च्या मागे हलकं असेल तर थेट ८. पाच सागरी मैल म्हणजे सव्वानऊ किलोमीटर. साधारण नाशिकरोड स्टेशन ते सीबीएस एवढं अंतर, आणि तेवढी सगळी हवा मोकळी सोडायची.

बाहेरून बघणाऱ्याला ही हवा रिकामी वाटते. प्रत्यक्षात पुढच्या विमानाने ती वापरलेली असते.

मुंबईचे ७८ सेकंद

आता मुंबईकडे येऊ. तिथल्या विमानतळावर धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. अशा एका धावपट्टीवर डिसेंबर २०१८ मध्ये मुंबईने २४ तासांत १,००७ विमानांची ये-जा करून दाखवली. गर्दीच्या तासाला ४६ विमानं हे तिथलं गणित होतं. तासाचे ३,६०० सेकंद भागिले ४६, म्हणजे प्रत्येक विमानाच्या वाट्याला ७८ सेकंद.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने हा आकडा गर्दीच्या वेळी ४६ वरून ४४ आणि इतर वेळी ४४ वरून ४२ वर आणायला लावला. कारण विमानं आकाशात घिरट्या घालत होती, इंधन जळत होतं, उशीर वाढत होता. बिझनेस जेट विमानांवरची बंदीही दिवसाला चार तासांवरून आठ तासांवर नेली. दोन विमानं कमी केल्यावर प्रत्येकाला मिळाले जेमतेम साडेतीन सेकंद जास्त! इतक्या काठावर ही व्यवस्था चालते. त्याच वर्षी ८ जूनला मुंबईत एक विमान उड्डाण करत असतानाच त्याच धावपट्टीवर मागून दुसरं उतरलं. ते प्रकरण भोवऱ्याचं नव्हतं आणि सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. पण अंतर किती आवळलं गेलंय, याचा अंदाज सगळ्यांना आला.

आता या रांगेत आपलं छोटं विमान घालून बघा. डिसेंबर २०१७ मध्ये 'उडान' योजनेखाली एअर डेक्कनने नाशिकहून मुंबई आणि पुण्यासाठी सेवा सुरू केली, ती १९ आसनी बीचक्राफ्ट १९००डी विमानाने. त्याचं कमाल वजन पावणेआठ टनांच्या आसपास. म्हणजे हलक्या गटाची रेषा अगदी थोडक्यात ओलांडून ते कागदावर 'मध्यम' ठरतं. ७८ टनांचं एअरबस ए-३२० सुद्धा त्याच गटात! पण जड विमानामागे दोघांनाही पाच मैल लागतात, धावपट्टी दोघांनाही तितकीच लागते. फरक एवढाच की एकात १८० प्रवासी असतात आणि दुसऱ्यात वीससुद्धा नाहीत. शिवाय छोटं विमान हळू असेल तर त्याच्यामागच्या सगळ्यांना वेग कमी करावा लागतो.

मुंबईच्या स्लॉटचा प्रश्न तेव्हाही बातम्यांत गाजला होता. ती सेवा नियमितपणे कधी रुजलीच नाही आणि २०२० मध्ये कोविडच्या काळात कंपनीने कामकाज थांबवलं. कंपनीच्या स्वतःच्या अडचणीही होत्या, सगळा दोष भोवऱ्यावर टाकता येणार नाही. पण १८ लोकांसाठी मुंबईत सकाळी नऊचा स्लॉट मागणं म्हणजे नेमकं काय मागणं आहे, हे या हिशेबावरून कळतं. लहान शहरांना जोडायचं असेल तर सरकारने ही किंमत उघडपणे मान्य करून, ठरावीक स्लॉट बाजूला काढून ठेवायला हवेत. तसं केलं नाही की फीत कापली जाते, फोटो निघतात आणि काही महिन्यांत विमान बंद पडतं.

क्रम लावणं हीच कला

मग यावर उपाय काय? अंतर कमी करणं? थांबा. त्याआधी एक कोडं सोडवा.

चार जड आणि चार मध्यम विमानं उतरायची आहेत. तुम्ही कंट्रोलर आहात. एक जड, एक मध्यम, एक जड, एक मध्यम असा क्रम लावलात तर जडामागे मध्यम चार वेळा येतं, म्हणजे २० मैल. मध्यमामागे जड तीन वेळा येतं, म्हणजे ९ मैल. एकूण २९. आता आधी चारही मध्यम आणि मग चारही जड घ्या. मध्यमामागे मध्यम तीन वेळा, ९ मैल. त्यानंतर मध्यमामागे जड एकदा, ३ मैल. मग जडामागे जड तीन वेळा, १२ मैल. एकूण २४. तीच विमानं, तेच नियम, सुरक्षिततेत एका इंचाची तडजोड नाही, आणि पाच मैल वाचले! उतरताना विमानाचा वेग ताशी १४० सागरी मैल धरला तर ही दोन मिनिटांहून जास्त बचत झाली. एका जास्तीच्या विमानाला पुरेल इतकी.

प्रत्यक्षात हे इतकं सोपं नसतं. कोणाचं इंधन कमी असतं, कोणी उशिरा पोचतं, मधूनच उड्डाणं सोडायची असतात. पण चांगला कंट्रोलर डोक्यात सतत हेच गणित मांडत असतो. जड विमानामागे तसंही मोठं अंतर सोडायचंच आहे, तर तेवढ्यात एखादं उड्डाण बसतं का, हे तो बघतो.

दुसरा उपाय वर्गवारीचा. २३ टनांचं एटीआर आणि ७८ टनांचं एअरबस एकाच गटात ठेवणं हे जुनं, ढोबळ वर्गीकरण आहे. वजनाबरोबर पंखांची लांबीही धरून बारीक गट केले तर काही जोड्यांमधलं अंतर सुरक्षितपणे कमी करता येतं आणि काहींमध्ये उलट वाढवता येतं. अमेरिकेतल्या मेंफिसमध्ये २०१२ पासून असा प्रयोग झाला आणि पुढे युरोपनेही ते केलं. २०२० मध्ये आयसीएओने सात गटांची पद्धत नियमांत आणली.

तिसरा उपाय वेळेचा. समोरून जोराचा वारा असेल तर विमानं जमिनीच्या हिशेबात हळू पुढे सरकतात आणि तेवढंच अंतर कापायला जास्त वेळ लागतो. पण जोराच्या वाऱ्यात भोवरेही लवकर मोडतात. मग मैलांऐवजी सेकंदांत अंतर मोजलं तर? लंडनच्या हीथ्रोने २०१५ पासून ते सुरू केलं आणि वाऱ्याच्या दिवशी होणारा उशीर कमी केला.

या तिन्ही उपायांत एक गोष्ट समान आहे. अंतर नुसतं 'चालतंय की' म्हणून कमी केलेलं नाही. आधी मोजमाप केलं, अभ्यास केला, मग आकडा बदलला.

सिंहस्थात ओझर

आता आपल्या दारात येऊ. ओझरचा विमानतळ एचएएलचा. १९६० च्या दशकात मिग-२१ साठी उभा राहिलेला हा कारखाना. पुढे इथे सुखोई-३० बनली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये इथल्या नव्या उत्पादन साखळीतून तेजस मार्क-१ए चं पहिलं उड्डाण झालं. त्याच धावपट्टीवरून इंडिगोची प्रवासी विमानंही उडतात, एटीआर आणि एअरबस दोन्ही. शहराच्या दुसऱ्या टोकाला, गांधीनगरला, लष्कराच्या वैमानिकांचं हेलिकॉप्टर प्रशिक्षण चालतं.

मुंबईची अडचण संख्येची आहे. ओझरची अडचण वेगळी असेल, सरमिसळीची. सिंहस्थाच्या पर्वणीच्या दिवसांत प्रवासी विमानं, व्हीआयपींची छोटी जेट, चार्टर, हेलिकॉप्टर आणि एचएएलची चाचणी उड्डाणं एकाच आकाशात येणार. एकाच आकाराच्या दहा विमानांपेक्षा वेगवेगळ्या आकारांची सहा विमानं सांभाळणं कठीण, हे वरच्या कोड्यावरून तुमच्या लक्षात आलंच असेल. रडारच्या मैलांऐवजी घड्याळावर अंतर ठेवायचं झालं तर मध्यम विमानामागे उतरणाऱ्या हलक्या विमानाला तीन मिनिटं थांबावं लागतं. वैमानिक 'पुढचं विमान मला दिसतंय' म्हणून नजरेने उतरत असेल तर भोवऱ्यापासून लांब राहण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. कंट्रोलर फक्त सावध करतो. गर्दीत, घाईत, व्हीआयपी वाट बघत असताना हे तीन मिनिटांचं थांबणं सर्वांत आधी कुणाला तरी खुपणार.

समांतर दुसऱ्या धावपट्टीच्या बातम्याही तुम्ही वाचल्या असतील. चांगली गोष्ट आहे. पण 'दोन धावपट्ट्या म्हणजे दुप्पट विमानं' असा हिशेब कुणी मांडला तर एक प्रश्न जरूर विचारा: दोघींमध्ये अंतर किती? ७६० मीटरपेक्षा कमी असेल तर भोवऱ्याच्या नियमांसाठी त्या दोन्ही एकच धावपट्टी धरल्या जातात, कारण एकीवरचा भोवरा वाऱ्याने दुसरीवर सरकू शकतो. तरीही दुसऱ्या धावपट्टीचा फायदा असतोच. एक दुरुस्तीला बंद ठेवता येते, एकीवर विमान अडकलं तर दुसरी हाताशी असते. फक्त क्षमता दुप्पट होत नाही.

मुंबईचं चित्रही बदलतंय. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झालाय. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. त्यामुळे नाशिककराला मुंबईपर्यंत विमानच हवं, हा आग्रह आता तपासून बघायला हरकत नाही. दिल्ली, बेंगळुरू, हैदराबादसाठी थेट आणि सोयीच्या वेळेची विमानं मिळाली तर मुंबईच्या ७८ सेकंदांसाठी भांडावंच लागणार नाही. आणि मुंबई हवीच असेल तर नवी मुंबईत लहान शहरांसाठी राखीव स्लॉट मागावेत. नवी व्यवस्था बसत असतानाच ही मागणी व्हायला हवी. एकदा वेळापत्रक भरलं की मागाहून कुणी सरकून जागा देत नाही.

मग मागायचं काय?

ओझरसाठी पुरेसे आणि पुरेशी विश्रांती मिळणारे कंट्रोलर. पर्वणीच्या दिवशी छोट्या जेट आणि हेलिकॉप्टरसाठी वेगळ्या, आधी जाहीर केलेल्या वेळा. चाचणी उड्डाणं आणि प्रवासी विमानं यांचं एकत्र वेळापत्रक. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे 'थांबा' म्हणणाऱ्या कंट्रोलरवर कुणाचाही फोन येणार नाही, याची हमी.

तुमच्यापैकी कुणाला या खुर्चीत बसायचं असेल तर भारतीय विमानतळ प्राधिकरण ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह पदासाठी परीक्षा घेतं. भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बीएस्सी किंवा इंजिनिअरिंगची पदवी चालते. अकरावी-बारावीत 'याचा पुढे काय उपयोग' म्हणून वैतागत शिकलेला हवेचा दाब इथे रोज कामाला येतो.

अंतर सुटलं की काय होतं, हे नाशिकला जमिनीवर माहीत आहे. २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थाच्या पर्वणीला चेंगराचेंगरी झाली आणि ३९ भाविक गेले. त्यानंतर आपण बॅरिकेड, एकेरी मार्ग, थांबवून सोडलेली गर्दी हे सगळं शिकलो. तिथे थांबवणाऱ्या पोलिसावर आपण चिडतो, पण तो का थांबवतोय हे आता आपल्याला कळतं. आकाशातही कुणीतरी असंच थांबवत असतं.

तेव्हा पुढच्या वेळी ओझरला विमान उतरायला पाच मिनिटं उशीर झाला, वैमानिकाने "पुढच्या विमानामुळे थांबलोय" असं सांगितलं आणि शेजारचा प्रवासी "आकाश तर रिकामं दिसतंय" म्हणाला, तर त्याला हा भोवरा समजावून सांगा. पाच मिनिटं सहज निघून जातील.